ईस्टर जागरण

ईस्टर जागरण हा ख्रिस्ती उपासनावर्षातील सर्वांत महत्त्वाचा रात्रविधी होय. पवित्र शनिवारचा सूर्य मावळल्यानंतर आणि ईस्टर रविवारची पहाट उजाडण्यापूर्वी तो साजरा केला जातो. येशू ख्रिस्ताच्या मृत्यूनंतरच्या पुनरुत्थानाची घोषणा आणि नव्याने श्रद्धा स्वीकारणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन गोष्टी या एकाच रात्री एकत्र येतात. ख्रिस्त मरण पावला, पुरला गेला व पुन्हा उठला. बाप्तिस्मा घेणारी व्यक्तीही पाण्यात उतरून त्याच्याबरोबर मरते, पुरली जाते व नव्या जीवनात उठते, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती धारणा या विधीत कृतिरूपाने प्रकट होते. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात व पाचव्या शतकाच्या प्रारंभी होऊन गेलेल्या संत ऑगस्टीन यांनी या रात्रीला सर्व जागरणांची जननी असे संबोधले आहे.

नावे व परिभाषा

'ईस्टर' हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला. आठव्या शतकातील इंग्लिश इतिहासकार बीड याने त्याचा संबंध 'एओस्त्रे' नावाच्या एका देवतेशी जोडला असला, तरी त्याला अन्य स्वतंत्र पुरावा फारसा नाही. युरोपातील बहुसंख्य भाषांमध्ये या सणाचे नाव 'पास्खा' या ग्रीक शब्दावरून आले आहे. हा ग्रीक शब्द 'पेसाख' या हिब्रू शब्दापासून आला असून मराठी बायबलमध्ये त्याला 'वल्हांडण' हा प्रतिशब्द रूढ आहे. पोर्तुगीज भाषेतील याच कुळातला शब्द गोव्यातील व किनारपट्टीवरील ख्रिस्ती समाजाच्या बोलीत उतरला आहे. मराठीत 'पुनरुत्थानाचा सण' असेही म्हटले जाते.

'बाप्तिस्मा' हा शब्द बुडवणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून आला आहे. मराठी भाषक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत 'बाप्तिस्मा' हा शब्द रूढ असून कॅथलिक ख्रिस्तसभेत 'स्नानसंस्कार' हा शब्दही वापरला जातो. दोन्ही शब्दांतून संस्काराचे मूळ बाह्यरूप, म्हणजे पाण्याशी असलेला संबंध, स्पष्ट होतो.

तिथी

ईस्टर हा चल सण आहे. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधील ख्रिस्ती लोक तो ज्यू पंचांगातील निसान महिन्याच्या १४ तारखेला, वार कोणताही असला तरी, पाळत असत. रोम व अन्य ठिकाणी मात्र त्यानंतर येणारा रविवार पाळला जाई. या प्रश्नावरून मोठा वाद झाला. इ.स. ३२५ मध्ये भरलेल्या नायसियाच्या धर्मपरिषदेने सर्वांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असे ठरवले. प्रचलित नियमानुसार २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टर असतो. येथे आकाशातली प्रत्यक्ष पौर्णिमा नव्हे, तर चर्चच्या कोष्टकांनुसार काढलेली पौर्णिमा विचारात घेतात. त्यामुळे पाश्चात्य चर्चमध्ये ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या मर्यादेत येतो. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च बहुतांशी जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आधारे गणना करत असल्याने दोन्ही परंपरांचे ईस्टर अनेकदा वेगवेगळ्या रविवारी येतात. २०२५ मध्ये मात्र दोन्हींचा ईस्टर २० एप्रिल या एकाच दिवशी आला होता.

वल्हांडणाची पार्श्वभूमी

ईस्टर जागरणाचे मूळ ज्यूंच्या वल्हांडण सणात आहे. इजिप्तमधील दास्यातून इस्राएल लोकांची सुटका झाली त्या रात्रीची कथा 'निर्गम' या ग्रंथात येते. कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावलेली घरे ओलांडून मृत्यू पुढे गेला. पुढे तांबड्या समुद्राचे पाणी दुभंगले आणि लोक कोरड्या जमिनीवरून पार झाले. ही रात्र जागून काढावी, असा आदेशही त्याच ग्रंथात आहे.

चारही शुभवर्तमाने येशूचा क्रूसावरील मृत्यू वल्हांडणाच्या काळात झाल्याचे सांगतात. योहानाच्या शुभवर्तमानातील कालक्रमानुसार तर मंदिरात वल्हांडणाची कोकरे कापली जात होती त्याच दिवशी येशूला क्रूसावर देण्यात आले. त्यामुळे पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोकांनी येशूला वल्हांडणाचे कोकरू मानले. प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हा विचार आढळतो. त्याच पत्रात पौल समुद्र पार करण्याच्या घटनेला एक प्रकारचा बाप्तिस्माच मानतो. दास्यातून मुक्तीकडे आणि पाण्यातून पैलतीराकडे जाण्याची ही जुनी कथा ख्रिस्ती जागरणात नव्या अर्थाने वाचली जाते. सार्दिस येथील बिशप मेलितो याचे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील पास्खाविषयीचे प्रवचन हे अशा विवेचनाचे एक अतिशय जुने उदाहरण आहे. या प्रवचनात ज्यू लोकांवर केलेले कठोर दोषारोपही आढळतात. अशा लेखनातून पुढे युरोपात ज्यूद्वेषाला खतपाणी मिळाले, याची जाणीव आधुनिक ख्रिस्ती अभ्यासकांनी ठेवली आहे.

पुनरुत्थानाची संकल्पना

नव्या करारातील साक्ष

पुनरुत्थानाविषयीचा सर्वांत जुना उपलब्ध लिखित उल्लेख शुभवर्तमानांत नसून पौलाच्या पत्रांत आहे. इ.स. ५०च्या दशकात लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो स्वतःला मिळालेली एक परंपरा उद्‌धृत करतो: ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि केफा (पेत्र), बारा शिष्य, पाचशेहून अधिक बांधव, याकोब व इतर प्रेषित यांना दिसला. शेवटी पौल स्वतःचेही नाव जोडतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला संदेश व श्रोत्यांची श्रद्धा दोन्ही पोकळ ठरतात, असे तो स्पष्टपणे सांगतो. ख्रिस्ती धर्माची उभारणी या एका विधानावर किती अवलंबून आहे, हे त्यावरून दिसून येते.

शुभवर्तमानांतील वृत्तान्तांत तपशिलांचे फरक आहेत. कबरीकडे गेलेल्या स्त्रियांची संख्या व नावे, तेथे दिसलेला देवदूत एक की दोन, शिष्यांना झालेले दर्शन गालीलात की यरुशलेमेत, याबाबत चारही वृत्तान्त पूर्णतः जुळत नाहीत. तथापि आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे कबर रिकामी आढळली आणि ती प्रथम पाहणाऱ्यांत मग्दालिया मरिया होती, याबाबत चौघांचे एकमत आहे. त्या काळच्या समाजात स्त्रियांच्या साक्षीला पुरुषांच्या साक्षीइतके वजन नव्हते, हे लक्षात घेता ही बाब अभ्यासकांना विशेष वाटते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या प्रमुख हस्तलिखितांत मजकूर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी थांबतो. भयभीत झालेल्या स्त्रिया कबरीपासून पळून जातात आणि कोणाला काही सांगत नाहीत, हा त्याचा शेवट आहे. पुढील वचने नंतर जोडली गेली असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

पुनरुत्थान, पुनर्जन्म आणि आत्म्याचे अमरत्व

भारतीय वाचकांच्या दृष्टीने तीन संकल्पनांतील भेद महत्त्वाचा आहे. पुनर्जन्मात जीवात्मा एक देह टाकून दुसरा धारण करतो आणि हे चक्र कर्मानुसार चालू राहते. ग्रीक तत्त्वज्ञानातील आत्म्याच्या अमरत्वाच्या कल्पनेत देह नाशवंत व आत्मा अविनाशी असतो. मृत्यू ही आत्म्याची देहापासून सुटका ठरते. ख्रिस्ती पुनरुत्थान या दोहोंहून वेगळे आहे. त्यात मृत्यू खरा असतो, तो एकदाच येतो, आणि देवाच्या सामर्थ्याने संपूर्ण मनुष्य, देहासह, पुन्हा उठवला जातो. देह हा तुरुंग नसून निर्मितीचाच भाग आहे व त्याचाही उद्धार व्हायचा आहे, अशी त्यामागील धारणा आहे.

पुनरुत्थान म्हणजे मृत व्यक्ती पूर्वीच्याच आयुष्यात परत येणेही नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने लाजरस याला कबरीतून बाहेर बोलावल्याची कथा आहे. परंतु लाजरस पुढे पुन्हा मरणारच होता. ख्रिस्ताचे पुनरुत्थान मृत्यूच्या पलीकडील जीवनात झाले, असे ख्रिस्ती धर्मशास्त्र मानते. पौलाने यासाठी बीजाचा दृष्टान्त वापरला आहे. पेरलेला दाणा जसाच्या तसा वर येत नाही. त्याचे रोप वेगळे दिसते, तरी ते त्याच दाण्याचे असते. पौल ख्रिस्ताला पिकाच्या 'प्रथमफळा'ची उपमा देतो. पहिली पेंढी हाती आली की उरलेले पीकही येणार, या शेतकऱ्याच्या विश्वासाशी त्याने मानवाच्या भावी पुनरुत्थानाची सांगड घातली आहे.

मृतांच्या पुनरुत्थानाची कल्पना ख्रिस्ताच्या काळी ज्यू समाजात अस्तित्वात होती. परूशी पंथाचे लोक ती मानत, तर सदूकी ती नाकारत. 'दानीएल' या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात तिचा उल्लेख आहे. परंतु ही घटना युगाच्या अंती सर्वांच्या बाबतीत घडेल असे मानले जाई. इतिहासाच्या मध्येच ती एका व्यक्तीच्या बाबतीत घडून गेली, हा पहिल्या ख्रिस्ती लोकांचा दावा त्यांच्या काळातही अनपेक्षित होता.

ऐतिहासिक चिकित्सा

अठराव्या शतकापासून पुनरुत्थानाच्या वृत्तान्तांची ऐतिहासिक चिकित्सा सुरू झाली. जर्मन विचारवंत रायमारुस याने शिष्यांनी देह चोरल्याची शक्यता मांडली, तर डाव्हिड फ्रीडरिख श्ट्राउस याने १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या येशूचरित्रात या कथांना मिथक ठरवले. विसाव्या शतकात रूडोल्फ बुल्टमान याने पुनरुत्थानाचा अर्थ शिष्यांच्या अंतःकरणात उदयास आलेली श्रद्धा असा लावला. याउलट वोल्फहार्ट पॅननबर्ग आणि एन. टी. राइट यांनी ही घटना इतिहासाच्या कक्षेत विचारात घेता येते, अशी मांडणी केली. शिष्यांना आपण येशूला जिवंत पाहिले असे खरोखर वाटत होते, एवढे बहुतेक इतिहासकार मान्य करतात. त्या अनुभवाचे कारण काय, हा प्रश्न इतिहासाच्या साधनांनी पूर्णपणे सुटणारा नाही, आणि येथेच श्रद्धेचा निर्णय सुरू होतो.

बाप्तिस्म्याचा अर्थ

पाण्याने शुद्धी करण्याची प्रथा ज्यू धर्मात होती. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देन नदीत लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत असे, आणि येशूनेही त्याच्याकडून तो घेतला. ख्रिस्ती बाप्तिस्म्यात मात्र शुद्धीबरोबर मृत्यूचा अर्थ मिसळला. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो की, ज्यांनी ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतला त्यांनी त्याच्या मृत्यूत बाप्तिस्मा घेतला आहे. ते त्याच्याबरोबर पुरले गेले असून आता त्यांनी नव्या जीवनात चालायचे आहे. ईस्टर जागरणात याच उताऱ्याचे वाचन होते.

या विवेचनात पाणी एकाच वेळी दोन परस्परविरोधी गोष्टींचे प्रतीक बनते. ते बुडवणारे म्हणून कबर आहे, आणि जन्म देणारे म्हणून गर्भाशय आहे. चौथ्या शतकातील यरुशलेमचे बिशप सिरिल यांच्या नावावर असलेल्या प्रवचनांत ही जोडी विस्ताराने येते. तीन वेळा पाण्यात बुडणे हे ख्रिस्ताच्या कबरीतील तीन दिवसांचे चिन्ह आहे आणि तेच पाणी नवदीक्षितांची माताही आहे, असा तेथील आशय आहे. ख्रिस्ताने खरोखर वेदना सोसल्या. बाप्तिस्मा घेणाऱ्याला त्या वेदनांवाचून त्यांचे फळ मिळते, हा या प्रवचनांचा मुख्य मुद्दा आहे.

नोहाच्या काळचा जलप्रलय, तांबडा समुद्र आणि यार्देन नदी ही बाप्तिस्म्याची पूर्वचिन्हे मानली जातात. प्रत्येक ठिकाणी पाणी एका जुन्या अवस्थेचा अंत करते आणि पलीकडे नवी अवस्था सुरू होते.

इतिहास

पहिली तीन शतके

इ.स. २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील लेखक तेर्तुल्यन याने बाप्तिस्म्यावरील आपल्या ग्रंथात पास्खा हा बाप्तिस्म्यासाठी सर्वाधिक उचित दिवस असल्याचे नमूद केले आहे. त्याखालोखाल तो पेंटेकॉस्टचा काळ सांगतो. कोणताही दिवस अयोग्य नाही, हेही तो मान्य करतो. हिप्पोलितस याच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या 'प्रेषितीय परंपरा' या संहितेत दीक्षार्थींचा उपवास, रात्रभराचे जागरण व वाचने, कोंबडा आरवण्याच्या वेळी पाण्यावर केलेली प्रार्थना, श्रद्धेविषयीचे तीन प्रश्न आणि प्रत्येक उत्तरानंतर पाण्यात बुडवणे असा क्रम दिला आहे. त्यानंतर प्रभुभोजनाच्या वेळी नवदीक्षितांना दूध व मध दिला जाई. वचनदत्त भूमीत प्रवेश केल्याची ती खूण होती. या संहितेचा काळ व कर्तृत्व यांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

सीरियातील दूरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले तिसऱ्या शतकातील घर हे आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने ख्रिस्ती प्रार्थनागृह मानले जाते. तेथील बाप्तिस्मा-कक्षाच्या भिंतीवर हाती दिवे घेतलेल्या स्त्रियांची मिरवणूक रंगवलेली आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते त्या कबरीकडे निघालेल्या स्त्रिया आहेत. काहींच्या मते त्या दृष्टान्तातील दहा कुमारी आहेत. पहिला अर्थ ग्राह्य धरल्यास बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी रिकाम्या कबरीचे चित्र, अशी ही अर्थपूर्ण योजना ठरते.

चौथे व पाचवे शतक

रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मान्यता मिळाल्यानंतर ईस्टरच्या रात्री सामूहिक बाप्तिस्मा देण्याची प्रथा भरभराटीस आली. यरुशलेमेस गेलेल्या एगेरिया या यात्रेकरू स्त्रीने तेथील उपवासकाळात दीक्षार्थींना दिल्या जाणाऱ्या प्रदीर्घ शिक्षणाचे वर्णन लिहून ठेवले आहे. दीक्षार्थी प्रथम पश्चिमेकडे, म्हणजे अंधाराच्या दिशेला, तोंड करून सैतानाचा त्याग करीत. मग सूर्योदयाच्या दिशेला वळून ख्रिस्तावरील श्रद्धा प्रकट करीत. जुनी वस्त्रे उतरवून, तेलाचे लेपन घेऊन ते कुंडात उतरत आणि बाहेर आल्यावर शुभ्र वस्त्रे परिधान करीत. ही वस्त्रे पुढे आठवडाभर अंगावर असत.

संत ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा इ.स. ३८७ च्या ईस्टर जागरणात, २४ व २५ एप्रिलच्या मधल्या रात्री, मिलान येथे बिशप अँब्रोझ यांच्या हस्ते झाला. त्यांच्याबरोबर त्यांचा पुत्र अदेओदातुस आणि मित्र अलिपियुस यांनीही दीक्षा घेतली. त्या बाप्तिस्मागृहाचे अष्टकोनी अवशेष मिलानच्या सध्याच्या कॅथीड्रलच्या परिसरात जमिनीखाली आजही पाहावयास मिळतात. रोममधील लॅटरन बाप्तिस्मागृहही अष्टकोनीच आहे. सात दिवसांच्या सृष्टीनंतरचा आठवा दिवस म्हणजे पुनरुत्थानाचा, नव्या सृष्टीचा दिवस, असा या आकाराचा संकेत आहे.

ऱ्हास

ख्रिस्ती समाजात जन्मलेल्या बालकांना जन्मानंतर लवकरच बाप्तिस्मा देण्याची प्रथा सार्वत्रिक झाली, तसे प्रौढ दीक्षार्थी दुर्मीळ झाले. बाप्तिस्मा ईस्टरपासून सुटा झाला आणि जागरणाची वेळही हळूहळू अलीकडे सरकली. पश्चिम युरोपात मध्ययुगात ते शनिवारी दुपारी होऊ लागले. सोळाव्या शतकात पोप पाचवे पायस यांनी दुपारनंतर मिस्सा अर्पण करण्यास मनाई केल्यावर ते शनिवारी सकाळी होऊ लागले. रात्र उजळणाऱ्या प्रकाशाचे स्तोत्र भर उन्हात, मोजक्या उपस्थितांसमोर गायले जाई. विधी शिल्लक होता, पण त्याची रात्र हरवली होती.

पुनरुज्जीवन

विसाव्या शतकातील उपासनाविषयक चळवळीमुळे या विधीचा पुनर्विचार झाला. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये जागरण रात्री साजरे करण्यास प्रायोगिक अनुमती दिली आणि १९५५ च्या सुधारणेने संपूर्ण पवित्र आठवड्याच्या विधींची फेररचना झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) प्रौढांच्या टप्प्याटप्प्याच्या दीक्षाक्रमाचे पुनरुज्जीवन करण्याचे ठरवले व त्यानुसार १९७२ मध्ये नवा विधिग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच परिषदेने लोकभाषांतील उपासनेला वाट मोकळी करून दिल्यामुळे हे जागरण मराठीतही होऊ लागले.

विधीचे स्वरूप

रोमन कॅथलिक परंपरेत जागरणाचे चार भाग आहेत.

प्रकाशविधी: चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी प्रज्वलित केला जातो. मोठ्या पास्खा मेणबत्तीवर क्रूस, 'आल्फा' व 'ओमेगा' ही ग्रीक वर्णमालेतील आद्य व अंत्य अक्षरे आणि चालू वर्षाचे चार अंक कोरले जातात. ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून धूपाचे पाच दाणे त्यात बसवण्याची प्रथा आहे. मेणबत्ती पेटवून मिरवणुकीने अंधाऱ्या चर्चमध्ये नेली जाते आणि तिच्यावरून उपस्थितांच्या हातांतील मेणबत्त्या एकेक करून पेटतात. त्यानंतर 'एक्सुल्तेत' हे प्राचीन स्तुतिगान गायले जाते.

वाचनविधी: जुन्या करारातील सात व नव्या करारातील दोन अशी नऊ वाचने नेमलेली आहेत. सृष्टीची उत्पत्ती, अब्राहामाची कसोटी, समुद्रातून पार होणे, तसेच यशया, बारूख व यहेज्केल या ग्रंथांतील उतारे यांचा त्यांत समावेश असतो. काही वाचने वगळण्याची मुभा असली, तरी निर्गम ग्रंथातील समुद्र पार करण्याचा वृत्तान्त कधीही वगळता येत नाही. त्यानंतर गौरवगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि उपवासकाळात मौन पाळलेला 'आलेलुया' पुन्हा उच्चारला जातो.

स्नानसंस्कारविधी: संतांची नामावली गाऊन पाण्याला आशीर्वाद दिला जातो. या वेळी पास्खा मेणबत्ती पाण्यात उतरवण्याची प्रथा आहे. दीक्षार्थी दुष्टतेचा त्याग व श्रद्धेची कबुली देतात. पाण्यात तीनदा बुडवून किंवा मस्तकावर तीनदा पाणी ओतून संस्कार केला जातो. शुभ्र वस्त्र आणि पास्खा मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती नवदीक्षितांना दिली जाते. प्रौढांना त्याच वेळी दृढीकरण संस्कारही मिळतो. उपस्थित भाविक हाती पेटत्या मेणबत्त्या धरून आपल्या बाप्तिस्म्यातील वचनांचे नूतनीकरण करतात.

ख्रिस्तप्रसादविधी: नवदीक्षित प्रथमच प्रभुभोजनात सहभागी होतात. दीक्षेची परिपूर्ती येथे होते.

जागरणापूर्वीच्या उपवासकाळातील तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या रविवारी दीक्षार्थींसाठी विशेष प्रार्थनाविधी होतात. त्या वेळी विहिरीवरील शोमरोनी स्त्री, जन्मांध मनुष्य आणि लाजरस यांच्या कथा वाचल्या जातात. पाणी, प्रकाश व जीवन हा त्यांचा क्रम ईस्टरच्या रात्रीची पूर्वतयारी करून देतो.

पास्खा मेणबत्ती पेंटेकॉस्टपर्यंत वेदीजवळ ठेवली जाते आणि नंतर बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ हलवली जाते. वर्षभरातील प्रत्येक बाप्तिस्म्याच्या वेळी ती पेटवतात; अंत्यविधीच्या वेळी तीच शवपेटीजवळ ठेवली जाते. बाप्तिस्म्यात आरंभलेला प्रवास मृत्यूनंतरच्या पुनरुत्थानात पूर्ण होतो, ही श्रद्धा या एका साध्या योजनेतून व्यक्त होते.

अन्य संप्रदायांतील परंपरा

ऑर्थोडॉक्स चर्च: बायझंटाईन परंपरेत पवित्र शनिवारच्या उपासनेत जुन्या करारातील पंधरा वाचने असतात. नेहमीच्या त्रिवार पवित्र स्तोत्राऐवजी बाप्तिस्म्याशी निगडित स्तोत्र गायले जाते. बाप्तिस्मे त्या दिवशी होत असत, त्या काळाची ही खूण आहे. मध्यरात्री मिरवणूक निघते आणि ख्रिस्त उठल्याची घोषणा व तिला दिलेला प्रतिसाद यांचा वारंवार उच्चार होतो. पुनरुत्थानाच्या प्रतिमाचित्रात ख्रिस्त रिकाम्या कबरीतून एकटा बाहेर पडताना दाखवत नाहीत. मृत्युलोकाची दारे मोडून तो आदाम व हव्वा यांना हाताला धरून वर ओढतो, असे दाखवतात. संपूर्ण मानवजातीची सुटका हा या चित्राचा विषय आहे.

प्रॉटेस्टंट चर्च: धर्मसुधारणेनंतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत जागरण मागे पडले. १७३२ मध्ये जर्मनीतील हेर्नहूट येथे मोरावियन पंथाच्या तरुणांनी ईस्टरच्या सूर्योदयी दफनभूमीत जमून उपासना केली. तेथून सूर्योदय-उपासनेची प्रथा अनेक देशांत पसरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँग्लिकन व ल्यूथरन उपासनाग्रंथांत ईस्टर जागरणाचा पुन्हा समावेश झाला.

बाप्तिस्म्याविषयीचे मतभेद

बाप्तिस्मा कोणाला व कसा द्यावा, याबाबत ख्रिस्ती संप्रदायांत मतभेद आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, ल्यूथरन आदी चर्च बालकांना बाप्तिस्मा देतात. देवाची कृपा मनुष्याच्या आकलनाआधीच येते, अशी त्यांची भूमिका आहे. १५२५ मध्ये झुरिच येथे उदयास आलेल्या ॲनाबाप्टिस्ट चळवळीने व पुढे बॅप्टिस्ट मंडळ्यांनी जाणतेपणी श्रद्धा प्रकट करणाऱ्यालाच बाप्तिस्मा द्यावा असे मानले. बॅप्टिस्ट परंपरेत संपूर्ण शरीर पाण्यात बुडवणे आवश्यक समजले जाते, कारण पुरले जाण्याचे व उठण्याचे चिन्ह त्यातच स्पष्ट होते. जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजाने बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताच्या मृत्यूत व पुनरुत्थानात सहभाग, हा समान पाया अधोरेखित केला. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये बॅप्टिस्ट मंडळ्याही सामील असल्याने तेथे बालबाप्तिस्मा व प्रौढबाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना स्थान देण्यात आले.

महाराष्ट्र व गोव्याच्या संदर्भात

इंग्लिश जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी रचलेल्या 'ख्रिस्तपुराण' या ओवीबद्ध ग्रंथाच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र, मृत्यू व पुनरुत्थान यांचे वर्णन आहे. १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापल्या गेलेल्या या ग्रंथाने ही कथा मराठी पुराणकाव्याच्या परिचित घाटात आणली. ज्यांना बाप्तिस्मा मिळाला, पण त्याचा अर्थ स्वभाषेत समजावून सांगणारे साहित्य नव्हते, अशा नवख्रिस्ती लोकांची गरज या ग्रंथनिर्मितीमागे होती. वसई परिसरातील कॅथलिक समाजाची परंपराही पोर्तुगीज काळापासूनची आहे. १९९८ मध्ये तेथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाप्तिस्मा हा केवळ धार्मिक विधी राहिला नाही. तो सामाजिक विच्छेदाचा क्षण ठरला. ख्रिस्ताविषयी आदर बाळगणे, बायबल वाचणे, मिशनऱ्यांशी चर्चा करणे हे समाज सहन करी; पाण्याचा विधी झाला की मात्र जात, घर व वारसा तुटत असे. १८३९ मध्ये मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडून धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतल्यावर प्रकरण न्यायालयात गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाने पालकांच्या स्वाधीन केले. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मोठा वाद झाला आणि त्यात बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला परत घेण्याची बाजू उचलून धरली. धर्मांतरामुळे वारसाहक्क जाऊ नये यासाठी १८५० मध्ये कायदा करण्यात आला. परंतु तुटलेली नाती जोडणे कायद्याच्या आवाक्याबाहेरचे होते. जुन्या आयुष्याला मरणे हे पौलाचे रूपक या मंडळींच्या बाबतीत शब्दशः खरे ठरले.

१८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले बाबा पदमनजी यांनी आपल्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात या स्थित्यंतराचा वृत्तान्त दिला आहे. पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. दुसरीकडे, चर्चची शिकवण स्वतःच्या विवेकाने पारखून घेण्याच्या त्यांच्या आग्रहामुळे त्यांच्या अँग्लिकन मार्गदर्शकांशीही त्यांचे मतभेद झाले. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या घटनेने त्यांच्या कुटुंबावर कोसळलेल्या ताटातुटीचे चित्रण लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' मध्ये आहे. काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही हाच मार्ग स्वीकारला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, टिळकांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला व त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या तसेच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही प्रवेश ठेवला. बाप्तिस्म्याचे पाणी समाजापासून तोडणारी सीमा बनू नये, ही चिंता त्यामागे होती. ख्रिस्ताचे शिष्यत्व आणि बाप्तिस्मा यांचे नाते नेमके काय, हा प्रश्न भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनात त्यानंतरही चर्चिला जात राहिला आहे.

सध्या महाराष्ट्र व गोव्यातील कॅथलिक चर्चमध्ये पवित्र शनिवारी रात्री ईस्टर जागरण होते, तर अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ईस्टरच्या पहाटे उपासनेसाठी जमतात. जन्मतः ख्रिस्ती असलेल्यांचा बाप्तिस्मा बहुधा बालपणीच झालेला असतो व त्याची आठवण त्यांना नसते. त्यामुळे या रात्री हाती मेणबत्ती धरून केलेले वचनांचे नूतनीकरण हाच त्यांच्यासाठी बाप्तिस्म्याचा जाणतेपणी घेतलेला अनुभव ठरतो.

हेही पाहा: ईस्टर, वल्हांडण, बाप्तिस्मा, पवित्र आठवडा, पेंटेकॉस्ट, ख्रिस्तपुराण